शून्य असल्यास

आई म्हणायची, बोलण्याला फाटे फोडू नकोस.
आता त्याच कामाचा पगार घेते मी,
आर्वाइखेरच्या प्रांत कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे हीटर खिडकीखाली आहे
आणि सगळी ऊब खिडकीच खाते.

प्रश्न सातवा : जनावरं आहेत का?
होय म्हटलं की आठवा उघडतो,
त्यातून मेंढ्या, बकऱ्या, याक, घोडे, उंट,
एकेक रकाना बाहेर येतो
कुंपणाची फळी कुणी सारल्यासारखा.
नाही म्हटलं की थेट एकतिसावा :
आभारी आहोत.

या उडीचा मला अभिमान होता.
तेवीस प्रश्न एका ढांगेत.
साहेब म्हणाले होते, हातमोजा काढून
माणसाला किती वेळ तिष्ठत ठेवायचं?
कमी विचारा.

फेब्रुवारीत बर्फावर बर्फाचा पापुद्रा धरला,
खुरानं फुटेना असा.
गवत खालीच होतं, दिसत होतं,
दुकानातल्या काचेमागच्या खाऊसारखं.
झोलझाया जुन्या रशियन जीपमधून फिरत होती,
टॅब्लेट अंगरख्याच्या आत, पोटाशी धरून,
कारण उणे अडतिसात बॅटरी
माणसाआधी मान टाकते.
माझ्या नकाशावर तिचे हिरवे ठिपके उमटत :
पूर्ण. पूर्ण. पूर्ण.
कितीतरी घरं दीड मिनिटात आटपलेली.
मी तो आकडा बैठकीत मोठ्या अक्षरात दाखवला.

मग एका रात्री तिचा फोन.
"ओदमा, गोंबोसुरेन आजोबांच्या तंबूत आहे.
चारशे बारा होती.
कातडी रचून ठेवलीत बाहेर, भिंतीला लागून.
वारा अडतो, म्हणतात.
मी विचारलं, जनावरं आहेत का.
ते किती तरी वेळ दाराकडे बघत राहिले.
नाही, म्हणाले.
आणि तुझा फॉर्म म्हणाला, आभारी आहोत."

मागे कपात चहा ओतल्याचा आवाज.
"आजोबा विचारतायत,
झालं? एवढंच?"

शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे कधीच काही नव्हतं.
त्यांचं शून्य
आणि हे शून्य
मी एकाच दारातून बाहेर काढलं होतं,
हसतमुखानं.

त्या रात्री सातव्याच्या आधी एक ओळ घुसवली :
गेल्या शरदात किती होती?
तेव्हा शून्याहून जास्त, आणि आज शून्य, असं असेल तर
नवं पान उघडेल.
कर्ज कुणाचं. तंबू कुठे हलवणार.
झोप लागते का.
आणि तळाशी एक मोकळी चौकट,
अक्षरांची मर्यादा नसलेली.

तपासायला मीच गोंबोसुरेन झाले.
चारशे बारा. शून्य. पुढे.
चारशे बारा. शून्य. पुढे.
तेरा वेळा माझं सगळं खिल्लार मेलं,
तेराही वेळा अगदी बरोबर.

दोनशे सहा घरं पुन्हा गाठावी लागली.
झोलझायानं डिझेलचा हिशोब माझ्या टेबलावर आपटला,
बोलली काहीच नाही.
साहेबांनी विचारलं, सरासरी वेळ का वाढली?
मी म्हटलं, लोक बोलतायत.

काल आजोबांची नोंद आली.
कर्ज : दोन बँका, एक मेहुणा.
झोप : उत्तर द्यायचं नाही.
मोकळ्या चौकटीत झोलझायाच्या घाईच्या टंकलेखनात :
"एक घोडा मोजू नका म्हणतात.
काळपट अंगाचा, कपाळावर पांढरं.
वादळाच्या रात्री सुटला, मेलेला कुणी पाहिला नाही.
चारशे बारात तो आहे. शून्यातही धरलाय मी.
पण ते ऐकत नाहीत. काय भरू?"

रकाना फक्त अंक घेतो.
असलेली, मेलेली, एवढंच विचारतो.
खिडकीवर आतून बर्फ चढलाय,
चहा गार झालाय, त्यावर मिठाची साय.
फाटा फोडायला बसले आहे.
तिसऱ्या पर्यायाला काय नाव द्यावं
ते अजून सुचलेलं नाही.